ऊसतोडीला गेलेल्या मुलांच्या लसी नेमक्या कुठे चुकतात?

गोदातीर (धागाकर्ता)

लसीकरण अपुरं राहिलं की एक ठरलेलं उत्तर मिळतं: आईबाप अडाणी, त्यांना पटत नाही. मला हे अर्धवट वाटतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातल्या १२ ते २३ महिन्यांच्या ९५ टक्के मुलांना बीसीजी (जन्मल्यावर लगेच द्यायची क्षयाची लस) मिळालेली होती. पूर्ण लसीकरण मात्र ७६ टक्क्यांचं, आणि महाराष्ट्रात ७३.५. म्हणजे जवळजवळ प्रत्येक आईने बाळाला एकदा तरी टोचून घेतलंय. नकार हेच मुख्य कारण असतं तर बीसीजीही एवढी वर गेली नसती. गळती नंतर लागते.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड टोळ्या धरू. शिरूर कासार, पाटोदा, आष्टी भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास गाड्या भरतात आणि पट्टा पडला (कारखान्याचा हंगाम संपला) की मार्च-एप्रिलात परत येतात. आता जन्ममहिना बघा.

मार्चात जन्मलेल्या बाळाचे दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस गावातच होतात. पण नऊ महिने भरतात डिसेंबरात, तेव्हा ते कोल्हापूर-सांगलीकडे फडात, म्हणजे तोडीच्या शेतात. एमआरचा (गोवर-रुबेलाच्या लसीचा) पहिला डोस थेट एप्रिलात, तेरा महिन्यांचं झाल्यावर. गोवर वाढतो तो नेमका थंडी सरता सरता, त्याच चार महिन्यांत.

ऑगस्टच्या शेवटी जन्मलेल्याचं उलट. पेंटाचा (पाच आजारांवरच्या एकत्र लसीचा) पहिला डोस ऑक्टोबरात कसाबसा होतो, दुसरा-तिसरा फडात लटकतो. परत येतं तेव्हा सात-आठ महिन्यांचं.

पहिला पेंटाही न मिळालेल्या मुलाला शून्य डोसचं मूल म्हणतात. २०२३ मध्ये जगभरात अशी सुमारे १ कोटी ४५ लाख मुलं होती. पण एक-दोन डोस घेऊन गळालेली मुलं त्यात मोजलीच जात नाहीत, आणि टोळ्यांमधली बरीचशी अशी मधेच गळालेली.

या क्षेत्रातली मंडळी इथे आहेत. साखळी कुठे तुटते ते तपशिलात सांगा. 'जनजागृती व्हायला हवी' हे उत्तर बाद.

बिनकामाचा_बाजीराव

रुमाल टाकून ठेवतो.

कडूकारले

अर्धीच सहमती. उसाच्या पट्ट्यात प्राथमिक आरोग्य केंद्रं काय कमी आहेत? कारखान्यापासून दोन-चार किलोमीटरवर एखादं असतंच. लस फुकट. हातात मोबाइल आहे, पोराला कुरकुरे मिळतात, मग महिन्यातून एक सकाळ काढता येत नाही? सगळं व्यवस्थेच्या माथी मारणं सोपं आहे.

खळंवावर

कडूकारले, ती एक सकाळ कितीला पडते ते बघा.

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) जोडीच्या नावावर असते. तो तोडतो, ती मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. बायको गेली की नवऱ्याचं काम निम्म्यावर नाही येत, जवळपास थांबतं. वर खाडा पडला म्हणून मुकादम (टोळीचा ठेकेदार) दंड लावतो, तो उचलीतून फिटायच्या रकमेत मिळवला जातो.

वेळही बघा. पहाटे चार-पाचला फड गाठायचा. लसीकरण सत्र नऊ-दहाला सुरू होऊन दुपारी आटोपतं, म्हणजे तोड ऐन भरात असताना. बाई कोपीवर (झोपडीवर) परत येईपर्यंत सिस्टर लसीची पेटी घेऊन कधीच गेलेली असते. आणि कोपीवर बाळाला सांभाळायला कोण, तर सात-आठ वर्षांची बहीण. ती बाळाला घेऊन केंद्रात गेली, तरी सोबत मोठं माणूस नाही म्हणून सिस्टर टोचणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

कुरकुरे पाच रुपयांचे असतात.

सदाफुली

+१. त्यात अजून एक भर. ज्या गावाच्या शिवारात टोळी उतरते तिथल्या आशाच्या (गावच्या आरोग्य स्वयंसेविकेच्या) वहीत हे मूल नसतं.

सत्राची यादी अशी बनते: आशा आपल्या गावाचा घरोघर सर्व्हे करते, त्यातून या महिन्यात कुणाचा कुठला डोस देय आहे ती यादी निघते, तिच्यावरून एएनएम (उपकेंद्राची सिस्टर) लसींची मागणी करते. टोळी गावठाणात नसते, ती फडाच्या कडेला किंवा कारखान्याच्या गाडीतळावर. उपकेंद्राचं उद्दिष्टही कायम वस्तीच्या लोकसंख्येवर काढलेलं, सपाटीवर साधारण ५,००० ला एक उपकेंद्र. हंगामात त्याच हद्दीत शेकडो माणसं वाढली तरी मागणीपत्रक जुनंच.

मानधनाचं म्हणाल तर आशाला पहिल्या वर्षाचं लसीकरण पूर्ण केल्याचे १०० रुपये, दुसऱ्या वर्षाचे ७५. जे मूल मार्चात निघून जाणार त्याचं 'पूर्ण' तिच्या हातून होणारच नाही. सत्राला मुलं गोळा करण्याचे १५० मिळतात, पण ते सत्रामागे. मग ती दोन किलोमीटर चालत तळावर का जाईल? जातात बऱ्याच जणी, पण ते त्यांच्या चांगुलपणावर.

इकडे मूळ गावातली आशा त्याच मुलापुढे 'स्थलांतरित' असा शेरा मारून मोकळी होते. दोन्ही वह्या नियमाने बरोबर, मूल कुठेच नाही.

पैलतीर

वाचतोय. एक बाळबोध प्रश्न. आई बाळाला घेऊन केंद्रात पोचली तरी 'आज नाही, बुधवारी या' म्हणून परत पाठवतात असं ऐकलंय. लस फ्रीजमध्ये असताना का देत नाहीत?

शीतपेटी

याचं उत्तर कुपीत आहे.

बीसीजी आणि एमआर या पावडरीच्या रूपात येतात, द्रावण मिसळून तयार कराव्या लागतात. बीसीजीची कुपी १० डोसची, एमआरची ५ किंवा १०. एकदा द्रावण मिसळलं की ४ तासांत किंवा सत्र संपेपर्यंत, जे आधी होईल तोवर वापरायची. उरलेली फेकायची. या लसींमध्ये जंतुरोधक घातलेलं नसतं, सुई वारंवार आत जाऊन जंतू शिरले तर ते वाढतात आणि विषबाधेने मूल दगावू शकतं. त्यामुळे ४ तासांत तडजोड नाही.

पेंटा, डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात), पोलिओ, पीसीव्ही (न्यूमोनियाची लस) यांच्या उघडलेल्या कुप्या मात्र २८ दिवसांपर्यंत चालतात. अटी अशा: उघडल्याची तारीख-वेळ लेबलवर लिहिलेली हवी, मुदत संपलेली नको, २ ते ८ अंशांत ठेवलेली हवी आणि कुपीवरचा उष्णतादर्शक ठीक हवा. (वर्तुळातला चौकोन वर्तुळाइतका गडद झाला की कुपी बाद.)

आता एमआरला एकच मूल आलं. कुपी फोडली तर चार किंवा नऊ डोस वाया. सूचना स्पष्ट आहे, एका मुलासाठीही फोडा. पण महिनाअखेरीला वाया गेलेल्या डोसांचा आकडा वर कळवावा लागतो आणि 'एवढे का गेले' हा प्रश्न सिस्टरलाच येतो. कुपी न फोडल्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही. त्यामुळे 'चार-पाच मुलं जमू देत' हा शहाणपणा रुजलेला आहे. गावातलं मूल बुधवारी येतं. टोळी बुधवारपर्यंत तिसऱ्या गावात असते.

बीसीजीचंही तेच. शनिवारी रात्री जन्मलेलं बाळ सोमवारी टोचल्याशिवाय घरी जातं, कारण कुपी सत्राच्या दिवशीच फुटते. हिपॅटायटिस बी चा जन्माचा डोस तर २४ तासांतच द्यायचा असतो, नंतर तो गेला तो गेला.

कडूकारले

हे माहीत नव्हतं. म्हणजे चार पैशांच्या औषधाची उधळपट्टी नको म्हणून पोर परत?

शीतपेटी

किमतीपेक्षा जाब विचारला जाण्याची भीती जास्त. पण वाट अगदीच बंद नाही: २०२३ पासूनच्या वेळापत्रकात नवव्या महिन्याला एमआर, पोलिओच्या सुईचा तिसरा अंश-डोस (कमी मात्रेचा) आणि पीसीव्हीचा बूस्टर एकत्र येतात. तीन सुया आणि अ जीवनसत्त्व एकाच भेटीत. एक खेप पकडली तरी बरंच पदरात पडतं. तोटा हा की ती एकच खेप चुकली तर सगळंच चुकतं.

निंबोणी

तीन सुयांवरून. साडेतीन महिन्यांच्या भेटीत डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत पीसीव्ही, उजव्या दंडात पोलिओची सुई, वर पोलिओ आणि रोटाचे (रोटाव्हायरसच्या जुलाबांवरचे) थेंब. बाळ रडून लालबुंद. आई म्हणते आज एकच द्या, बाकीच्या पुढच्या वेळी. सिस्टरही कधीकधी ऐकते. वेगवेगळ्या जागी एकाच दिवशी देण्यात धोका नाही. फिरत्या मुलाच्या बाबतीत पुढच्या वेळी म्हणजे कधी, हे दोघींनाही सांगता येणार नाही.

आणि ताप. पेंटामधला डांग्या खोकल्याचा भाग अख्ख्या मृत जंतूंचा असतो. त्याने ताप येतो, मांडी सुजते, बाळ रात्रभर किरकिर करतं. एक-दोन दिवसांत उतरतं. पण रात्रभर जागलेली बाई पहाटे चारला फडावर कशी जाणार? पुढच्या वेळी नवराच म्हणतो, नको ती सुई. बाहेरून हा 'नकार' दिसतो, आतून हा मजुरीचा हिशेब आहे.

यावर उपाय साधा आहे आणि तोच राहून जातो. सिस्टरने चार गोष्टी सांगायच्या असतात: आज कुठली लस दिली, ती कशापासून वाचवते, काय त्रास होऊ शकतो आणि झाल्यास काय करायचं, पुढची तारीख, कार्ड जपा आणि पुढच्या वेळी आणा. आणि टोचल्यावर अर्धा तास थांबवून ठेवायचं. रांग लांब असली की चारातली फक्त तारीख उरते.

पॅरासिटामॉल हातात देतात तेव्हा मात्रा बाळाच्या वजनावर सांगून घ्या: किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. ५ किलोच्या बाळाला ५० ते ७५ मिलिग्रॅम, म्हणजे ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम असलेलं सिरप २ ते ३ मिली. थेंबांच्या बाटलीत १ मिलीतच १०० मिलिग्रॅम असू शकतं. सिरपच्या मापाने थेंब पाजले की घोळ होतो.

बिनकामाचा_बाजीराव

रुमाल टाकला तिथे आता अभ्यासिका उघडली की काय! छान चाललंय, चालू द्या.

आडवाटेचा_वाटसरू

टोळ्यांइतकाच हा प्रश्न ठाणे-पालघरच्या वीटभट्ट्यांवरच्या कातकरी कुटुंबांचाही आहे. दिवाळीनंतर भट्टीवर, पावसाच्या तोंडावर पाड्यावर परत. तिथे भट्टी एका जागी असते, म्हणून भट्टीमालकाला धरून सत्र लावता येतं. टोळीचं तसं नाही, फड संपला की गाडी हलली.

डोंगराळ भागातली अडचण आणखी वेगळी. धडगाव-अक्कलकुव्याच्या नर्मदाकाठच्या पाड्यांवर किंवा मेळघाटात लस पोचण्याआधीच खराब होऊ शकते, आणि उन्हानेच होते असं नाही. डीप फ्रीझरमधून काढलेले बर्फाचे पॅक घाईत तसेच पेटीत कोंबले तर आतली पेंटा गोठते. पेंटा, डीपीटी, हिपॅटायटिस बी, टीडी (धनुर्वात-घटसर्प), पीसीव्ही, पोलिओची सुई या सगळ्या गोठल्या की निकामी. पॅक टेबलावर मांडून ठेवायचे, बाहेरून दव सुटलं आणि कानाशी हलवल्यावर आत पाणी डुचमळलं की मगच पेटीत चार बाजूंना चार लावायचे. पहाटे साडेसहाला जीप दारात हॉर्न वाजवत असते तेव्हा ही पायरी उडते.

अशा कुपीवर उष्णतादर्शक ठणठणीत दिसतो, कारण तो गोठणं दाखवतच नाही. मग कार्डावर तीन टिकमार्क आणि मुलाला संरक्षण नाही.

पैलतीर

हे भयंकर आहे. गोठून गेलेली ओळखायची कशी?

आडवाटेचा_वाटसरू

संशय आला तर हलवून बघण्याची चाचणी. त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवायची. दोन्ही हलवून शेजारी ठेवायच्या. गोठलेलीत पांढरे कण लवकर तळाशी बसतात आणि वर पाणी निवळतं. संशयित कुपीही तितक्याच वेगाने निवळली तर टाकून द्यायची. पोलिओच्या सुईला ही चाचणी लागू नाही, तिच्यात तो साका नसतो. आणि गोठलेली दिसत असेल तर चाचणीच्या भानगडीत पडायचंच नाही, सरळ बाद.

गोदातीर

थोडं गाडी रुळावर आणतो. :) कार्डाचं काय?

खळंवावर

कार्ड गावच्या घरात पत्र्याच्या पेटीत, घराला कुलूप. बरोबर आणलंच तर कोपीत पाचटाला अडकवलेल्या पिशवीत. पावसाने भिजतं नाहीतर उंदीर कुरतडतात.

आता यू-विनवर (लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत) नोंद असली तर कुठल्याही केंद्रात मागचे डोस दिसायला हवेत. अडचण नंबरची. नोंदणीला दिलेला मोबाइल नवऱ्याचा, तो रिचार्ज संपून बंद पडलेला किंवा सिम बदललेलं. काही ठिकाणी तर थेट मुकादमाचा नंबर. नव्या केंद्रात शोधलं की बाळ सापडत नाही, सिस्टर नवी नोंद करते. एका मुलाच्या दोन नोंदी, दोन्ही अर्धवट, आणि जुन्या गावच्या यादीत ते अजून 'थकीत'.

सोपा उपाय: निघण्याआधी कार्डाच्या दोन्ही पानांचा फोटो आई, बाप आणि टोळीतल्या अजून एकाच्या फोनमध्ये. फोन बदलला तरी एकाकडे राहतो.

सदाफुली

कार्ड नाही म्हणून लस नाकारणं हे सर्वांत वाईट, आणि नियमात बसतही नाही. आईला विचारायचं, खुणा बघायच्या. डाव्या दंडावर वण असेल तर बीसीजी झालेली. (वण नसला म्हणून बीसीजी पुन्हा देत नाहीत.) मांडीत किती वेळा टोचलं, नऊ-दहा महिन्यांचं असताना उजव्या दंडात सुई झाली का. एवढं करूनही खात्री नसेल तर डोस झालेला नाही असं धरून द्यायचा. जास्तीच्या डोसाने बिघडत नाही.

इथे एक गोंधळ हमखास होतो. 'सगळं दिलंय' म्हणणाऱ्या आईला खोदून विचारलं तर कळतं की ती पल्स पोलिओच्या रविवारचे थेंब मोजतेय. ते दारात येऊन पाजतात, बोटाला शाई लावतात, लक्षात राहतात. मांडीतली सुई वेगळी आणि तीही हवीच, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.

कडूकारले

ठीक, माझा सूर बदलतो. पण खरा नकार असतोच की. २०२२ च्या अखेरीला गोवंडीत गोवर पसरला, मालेगाव-भिवंडीतही. तिथे तर कुणी ऊस तोडत नव्हतं.

निंबोणी

असतो. २०१८ च्या नोव्हेंबरात राज्यात एमआर मोहीम सुरू झाली तेव्हा लसीने मूल होत नाही वगैरे मजकूर व्हॉट्सॅपवर फिरत होताच. तिथे आरोग्य खात्याच्या पत्रकापेक्षा मशिदीतून केलेलं आवाहन आणि गल्लीतल्या विश्वासू डॉक्टरचा शब्द जास्त चालतो.

पण गोवंडीतही सगळा नकार नव्हता. कोविडच्या दोन वर्षांत नियमित सत्रं विस्कळीत झाली आणि लस न मिळालेली मुलं साठत गेली. भाड्याने खोली बदलणारी कुटुंबं, दाट वस्ती, सकाळची सत्रं, आई कामाला. गोवर इतका सांसर्गिक आहे की दोन डोसांचं प्रमाण ९५ टक्क्यांच्या खाली आलं की फट शोधतोच.

त्या साथीत केंद्र सरकारने ९ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना एमआरचा जादा डोस द्यायला सांगितलं, आणि जिथे ९ महिन्यांच्या आतली मुलं जास्त आजारी पडत होती तिथे ६ ते ९ महिन्यांनाही. हे डोस नेहमीच्या दोनांव्यतिरिक्त होते. बऱ्याच घरांत मात्र 'गोवराची झाली' असं धरलं गेलं आणि नियमित डोस सुटले.

पैलतीर

सर्दी-खोकला असताना लस देत नाहीत ना? धुळीत राहणारी ही मुलं तर कायम शेंबडी.

शीतपेटी

देतात, द्यावीच. किरकोळ ताप, सर्दी, जुलाब, कुपोषण, अपुऱ्या दिवसांचं बाळ, अँटिबायोटिक चालू असणं, यातलं काहीही लस थांबवायचं कारण नाही. कुपोषित मुलाला गोवर जास्त भोवतो, त्याला तर आधी द्यायला हवी. थांबायचं ते मूल दवाखान्यात भरती करण्याइतकं आजारी असेल तर, किंवा त्याच लसीच्या मागच्या डोसाला जिवावरची ॲलर्जी झाली असेल तर. 'नाक वाहतंय, पुढच्या आठवड्यात आणा' यात किती डोस गेले असतील त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नसते.

आडवाटेचा_वाटसरू

धागाकर्त्याचा प्रश्न 'कुठे तुटते' होता, त्याला जोडून 'जोडायची कुठे' हे लिहितो.

टोळी कुठे आहे हे आरोग्य केंद्राला माहीत नसतं, पण कारखान्याला रोज माहीत असतं. उद्या कुठल्या गटात कुणाचा ऊस तुटणार, कुठली टोळी तिथे जाणार, हे शेतकी विभागाकडे असतं आणि चिटबॉयच्या (तोडीची नोंद ठेवणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या) वहीत. गट ऑफिसकडून दर आठवड्याला ती यादी एएनएमकडे आली की अर्धं काम झालं.

सत्र तळावर, दुपारी चारनंतर. पेटीतली लस त्या वेळेपर्यंत चालते, फक्त एमआर आणि बीसीजीची कुपी तिथे पोचल्यावर फोडायची, सकाळच्या सत्रात फोडलेली उचलून आणायची नाही. टोळीत दोन वर्षांखालची मुलं किती हे मुकादमाकडून आधी विचारून घ्यायचं. मुकादमाचंही मन वळतं, जर कामाचा तास बुडत नसेल तर.

आणि गाव सोडण्याआधी, सप्टेंबर-ऑक्टोबरात, मूळ गावातल्या आशाने पुढच्या सहा महिन्यांत देय होणाऱ्या डोसांच्या तारखा कार्डावर लिहून द्यायच्या. नुसती पुढची एक तारीख पुरत नाही.

कडूकारले

चिटबॉयचं पटलं. कारखान्याला ऊस कुठे आहे ते गुंठ्यागुंठ्याने ठाऊक असतं.

सुगरण_चिमणी

उशिरा आले, पण एक नेमकी शंका. समजा मूल तेरा महिन्यांचं. जन्माच्या लसी झाल्या, दीड महिन्याची खेप पूर्ण झाली, पुढे काहीच नाही. टोळी आता बेळगावकडे. सगळं पहिल्यापासून सुरू करायचं का?

शीतपेटी

नाही. अंतर कितीही वाढलं तरी आधीचे डोस बाद होत नाहीत, थांबलं तिथून पुढे.

आजच एमआरचा पहिला डोस, पोलिओचे थेंब, पेंटाचा दुसरा. पेंटा वर्षाच्या आत सुरू झालेली असेल तर वर्षानंतरही तीच पूर्ण करतात. एकही डोस झालेला नसता तर वर्षानंतर डीपीटीवर जावं लागलं असतं. पीसीव्ही आणि रोटाचंही पहिला डोस वेळेत झाला असल्याने उरलेले देता येतात. अ जीवनसत्त्वही आजच. चार आठवड्यांनी पेंटाचा तिसरा. एमआरचा दुसरा सोळा महिन्यांनंतर, पहिल्यापासून किमान चार आठवडे सोडून.

वयाच्या मर्यादा लिहून ठेवा: बीसीजी एक वर्षापर्यंत, रोटाचा पहिला डोस एक वर्षापर्यंत, एमआर पाच वर्षांपर्यंत, डीपीटी सात वर्षांपर्यंत.

बेळगावकडे राष्ट्रीय वेळापत्रक हेच आहे, लसीला पैसे नाहीत आणि पत्त्याचा पुरावा लागत नाही. तिथलं कार्ड कानडीत मिळेल. जुनं कार्ड फेकू नका, दोन्ही एकत्र शिवून ठेवा, म्हणजे एप्रिलात गावची सिस्टर तारखा जुळवू शकेल.

सुगरण_चिमणी

आभार. हे टोळीच्या ग्रुपवर टाकते. वयाच्या मर्यादा वेगळ्या मेसेजमध्ये टाकीन, लांब मेसेज कुणी उघडत नाही.

बिनकामाचा_बाजीराव

मुकादमालाही टाका. त्याच्याकडे रिचार्ज कायम असतो.